हाचिकोचा पहिला पुतळा कुठे गेला?



हाचिकोची गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. कुणी रिचर्ड गेअरचा सिनेमा पाहून डोळे पुसले असतील, कुणाला ती व्हॉट्सॲपवर आली असेल. टोकियोच्या शिबुया स्टेशनवर मालकाला घ्यायला जाणारा अकिता जातीचा कुत्रा म्हणजे हाचिको. त्याचे मालक, प्राध्यापक उएनो हिदेसाबुरो, २१ मे १९२५ रोजी अचानक वारले. हाचिको मात्र ८ मार्च १९३५ रोजी स्वतः मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षं, स्टेशनवर येत राहिला.

आज शिबुया स्टेशनबाहेर त्याचा पुतळा आहे. आपण जसं ‘स्टेशनच्या घड्याळाखाली भेटू’ म्हणतो, तसं तिथले लोक ‘हाचिकोपाशी भेटू’ म्हणतात. पण हा पुतळा दुसरा आहे, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. पहिला पुतळा १९३४ मध्ये बसवला होता. त्या समारंभाला हाचिको स्वतः हजर होता! दहा वर्षांनी, १९४४ मध्ये, तो पुतळा उतरवून नेला आणि पुढे वितळवून टाकला. युद्धासाठी सरकारला धातू हवा होता.

ज्या कुत्र्यावर अख्ख्या देशाने जीव लावला, त्याचा पुतळासुद्धा युद्धाच्या भट्टीत जावा, अशी वेळ जपानवर कशी आली? हाचिको स्टेशनवर वाट पाहत होता, नेमक्या त्याच वर्षांत याचं उत्तर दडलेलं आहे. आज त्याच्या आयुष्याचं कॅलेंडर हातात धरून आपण तो काळ पाहूया. (एक सांगून ठेवते, जपानमध्ये आडनाव आधी आणि नाव नंतर लिहितात. इथेही तसंच लिहिलं आहे.)

हाचिको जन्मला तेव्हाचा जपान

हाचिकोचा जन्म नोव्हेंबर १९२३ चा. गाव ओदाते. जपानच्या उत्तरेकडच्या, कडाक्याच्या थंडीच्या अकिता प्रांतातलं. हे गाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

त्या वेळचा जपान म्हणजे नुसते सैनिक आणि तलवारी, असं चित्र डोळ्यांसमोर असेल तर ते पुसून टाका. तिथे संसद होती, राजकीय पक्ष होते, खपाची वर्तमानपत्रं होती. शहरांत कॅफे निघाले होते, सिनेमाची थिएटरं होती, केस कापून पाश्चात्त्य कपडे घालणाऱ्या तरुणी रस्त्यावर दिसत होत्या. १९१८ मध्ये तांदूळ इतका महागला, की एका किनारपट्टीवरच्या कोळी बायका रस्त्यावर उतरल्या. बघता बघता ते आंदोलन देशभर पसरलं आणि सरकार पडलं. त्यानंतर हारा ताकाशी पंतप्रधान झाले. सरदार घराण्याची पदवी न लावणारे, संसदेतल्या पक्षाचे नेते म्हणून आलेले. लोकांना वाटलं, आता आपलं राज्य आलं.

पण त्याच काळात दोन अशुभ गोष्टी घडल्या. १९२१ मध्ये टोकियो स्टेशनवर एका तरुणाने हारांना भोसकून मारलं. आणि १ सप्टेंबर १९२३ रोजी, हाचिकोच्या जन्माच्या जेमतेम दोन महिने आधी, टोकियो-योकोहामा भागात प्रचंड भूकंप झाला. एक लाखाहून जास्त माणसं गेली. त्या गोंधळात अफवा उठली, की कोरियन लोक आगी लावताहेत, विहिरींत विष टाकताहेत. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता आणि तिथले मजूर टोकियोत राहत. अफवेवर विश्वास ठेवून गल्लीगल्लीतल्या साध्या माणसांनी टोळ्या केल्या आणि हजारो कोरियनांना ठार मारलं. कुठे कुठे पोलीस आणि सैनिकही त्यात सामील होते. शिक्षा फार थोड्यांना झाल्या आणि त्याही किरकोळ. घाबरलेला माणूस शेजाऱ्याच्या जिवावर उठू शकतो, आणि उठला तरी त्याचं फारसं काही बिघडत नाही, हे देशाने तेव्हाच पाहून घेतलं होतं.

एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढून घेतलं

१९२५ च्या वसंतात जपानच्या संसदेने दोन कायदे केले. एकाने २५ वर्षांवरच्या जवळपास सर्व पुरुषांना मतदानाचा हक्क दिला. मतदार सुमारे ३३ लाखांवरून सव्वा कोटीच्या घरात गेले. केवढं मोठं पाऊल! (बायकांना मात्र मत नाहीच.)

दुसऱ्या कायद्याचं नाव ‘शांतता संरक्षण कायदा’. देशाची मूळ राज्यव्यवस्था, म्हणजे सम्राटाची सत्ता, किंवा खासगी मालमत्ता यांच्या विरोधात संघटना काढली तर दहा वर्षांपर्यंत कैद. सांगितलं गेलं, की हा फक्त कम्युनिस्टांसाठी आहे, सरळमार्गी माणसाने काळजीचं कारण नाही. तीन वर्षांत त्याच कायद्यात फाशीची शिक्षा आली. पुढे त्याच्या जाळ्यात कामगार नेते आले, प्राध्यापक आले, लेखक आले, धर्मगुरूसुद्धा आले.

त्याच वर्षी तिसरी एक गोष्ट घडली, फार कुणी लक्ष न दिलेली. खर्च कमी करण्यासाठी सैन्याच्या चार डिव्हिजन कमी केल्या. पण रिकाम्या झालेल्या अधिकाऱ्यांना शाळा-कॉलेजांत कवायत शिकवायला पाठवलं. कागदावर सैन्य आक्रसलं, प्रत्यक्षात ते वर्गात जाऊन बसलं.

हे कायदे छापून आले त्याच आठवड्यांत प्राध्यापक उएनो गेले आणि हाचिकोचं वाट पाहणं सुरू झालं.

भूक आणि राग

पुढची काही वर्षं हाचिकोसाठी वाईट होती. स्टेशनवरचे लोक त्याला भटका कुत्रा समजून हुसकावत, मारत. देशाचे दिवसही वाईटच होते. १९२७ मध्ये बँका बुडाल्या. १९२९ मध्ये अमेरिकेत मंदी आली आणि तिथल्या बायकांनी रेशमी मोजे घेणं कमी केलं. ऐकायला गंमत वाटेल, पण जपानच्या सुमारे ४० टक्के शेतकरी घरांत रेशमाचे किडे पाळले जात. रेशमाचा भाव कोसळला आणि त्या घरांची चूल थंडावली. त्यात उत्तरेत, हाचिकोच्या मुलखात, थंडीने भाताचं पीक गेलं. कर्जापायी कितीतरी बापांनी आपल्या मुली शहरातल्या कारखान्यांना आणि कुंटणखान्यांना विकल्या.

सैन्यातले बरेच शिपाई याच गावांतून आलेले. ज्याच्या बहिणीला विकलंय तो शिपाई आणि त्याचं दुःख रोज पाहणारा तरुण अधिकारी, दोघांनाही टोकियोतले पुढारी आणि त्यांना पैसे पुरवणारी बडी उद्योगघराणी शत्रू वाटू लागली. पक्षांचे घोटाळेही कमी नव्हते. म्हणजे राग खोटा नव्हता, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. लोकांना वाटू लागलं, की हे पुढारी नकोत, शिस्तीचं कुणीतरी हवं. आणि शिस्तीचं म्हटलं की डोळ्यांपुढे एकच संस्था येत होती.

१९३० मध्ये पंतप्रधान हामागुची ओसाची यांनी नौदलाच्या जहाजांवर मर्यादा घालणारा लंडनचा करार केला. पैसे वाचणार होते. पण ‘सरकारने सम्राटाच्या सैन्याच्या अधिकारात ढवळाढवळ केली’ अशी ओरड झाली. नोव्हेंबरमध्ये टोकियो स्टेशनवर, हारांना मारलं होतं त्याच स्टेशनवर, हामागुचींना गोळी लागली. पुढच्या वर्षी ते गेले.

राज्यघटनेतली फट

इथे जरा थांबून एक गोष्ट समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल.

१८८९ च्या जपानी राज्यघटनेत सैन्याचा सरसेनापती सम्राट होता. सैन्याने याचा अर्थ असा लावला, की आम्ही थेट सम्राटाला उत्तरदायी, पंतप्रधानाला नाही. शिवाय मंत्रिमंडळात लष्करमंत्री आणि नौदलमंत्री म्हणून सैन्यातलाच माणूस घ्यावा लागे. आता कल्पना करा. सैन्याला सरकार आवडलं नाही, तर ते आपला मंत्री मागे घेणार. दुसरा देणार नाही. मंत्रिमंडळ अपुरं, म्हणजे सरकार गडगडलं. घराची किल्ली घरमालकाकडे आणि मुख्य दाराची कडी मात्र पहारेकऱ्याच्या हातात, असा तो प्रकार होता. पहारेकरी समजूतदार असेपर्यंत चाललं.

१९३१: आधी करा, मग सांगा

१८ सप्टेंबर १९३१ च्या रात्री चीनच्या मांचुरिया भागात, मुकदेन शहराजवळ, जपानच्या ताब्यातल्या रेल्वेमार्गावर छोटा स्फोट झाला. नुकसान इतकं किरकोळ, की थोड्या वेळाने त्याच रुळांवरून गाडी गेली. स्फोट जपानच्याच क्वांतुंग सेनेतल्या अधिकाऱ्यांनी घडवला होता. आळ चिनी सैनिकांवर घातला आणि त्याच रात्री हल्ला सुरू केला.

टोकियोतल्या सरकारला हे नको होतं. त्यांनी जाहीर केलं, की आम्ही प्रकरण वाढवणार नाही. सेना पुढेच गेली. काही महिन्यांत मांचुरिया घेतला आणि तिथे ‘मांचुकुओ’ नावाचं बाहुलं राज्य उभं केलं. आदेश मोडणाऱ्या अधिकाऱ्यांना शिक्षा झाली का? त्यांना बढत्या मिळाल्या.

वर्तमानपत्रांनी काय केलं? उन्हाळ्यापर्यंत सैन्याच्या खर्चावर टीका करणारी मोठी वर्तमानपत्रं काही आठवड्यांत सूर बदलून मोकळी झाली. माजी सैनिकांच्या संघटनांनी टीका करणाऱ्या वर्तमानपत्रांवर बहिष्कार घातला, हे एक कारण. दुसरं जास्त साधं होतं. युद्धाच्या बातम्यांनी खप वाढत होता. विशेष अंक हातोहात संपत. रेडिओही होताच. १९३२ च्या सुरुवातीला रेडिओच्या परवानाधारकांची संख्या दहा लाखांवर गेली. मंदीने पिचलेल्या घरात संध्याकाळी विजयाची बातमी येत होती. ती कुणाला नको होती?

१९३२: मारेकऱ्यांसाठी अश्रू

१५ मे १९३२, रविवार. पंतप्रधान इनुकाई त्सुयोशी ७६ वर्षांचे होते. नौदलातले तरुण अधिकारी पिस्तुलं घेऊन त्यांच्या घरात घुसले. म्हाताऱ्याने त्यांना बसून बोलूया असं सांगितलं. बोलण्यात अर्थ नाही, असं म्हणून त्यांनी गोळ्या घातल्या. गंमत म्हणा की दैव, चार्ली चॅप्लिन आदल्याच दिवशी जपानमध्ये आला होता. त्यालाही मारायचा विचार कटवाल्यांनी केला होता. त्या दिवशी तो इनुकाईंच्या मुलाबरोबर सुमो कुस्ती पाहायला गेला होता.

खुनापेक्षा धक्कादायक गोष्ट पुढे घडली. खटला सुरू झाला, तेव्हा आरोपींनी कोर्टात भाषणं केली: आम्ही स्वतःसाठी काही केलं नाही, गरिबांसाठी आणि सम्राटासाठी केलं. वर्तमानपत्रांनी ती रकानेच्या रकाने छापली. लोकांची मनं हेलावली. दयेचे अर्ज लाखांनी आले. बाया-बापड्या, शाळकरी मुलं, सगळ्यांचे. शेवटी एकालाही फाशी झाली नाही. मारेकऱ्यांतले बहुतेक जण काही वर्षांत बाहेर आले.

पंतप्रधानाला मारलं तरी चालतं, मन शुद्ध असलं म्हणजे झालं, असा निरोप देशाला मिळाला. इनुकाईंनंतर दुसरं महायुद्ध संपेपर्यंत जपानमध्ये एकही पक्षीय सरकार आलं नाही.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये एका मोठ्या वर्तमानपत्रात म्हाताऱ्या हाचिकोची बातमी आली. एका रात्रीत तो देशाचा लाडका झाला. काल लाथ मारणारे आज त्याला खाऊ घालू लागले.

ओदातेचे दोघे

आता ते गाव आठवा. हाचिकोच्या जन्माआधी वीस वर्षं, १९०३ मध्ये, आज ओदाते शहरात मोडणाऱ्या एका खेड्यात गरीब शेतकऱ्याच्या घरी एक मुलगा जन्मला. कोबायाशी ताकिजी. लहानपणीच त्याचं कुटुंब पोटासाठी होक्काइदोला गेलं. शिकला, बँकेत नोकरीला लागला आणि लिहू लागला. १९२९ मध्ये त्याची ‘कानिकोसेन’ ही कादंबरी आली. बर्फाळ समुद्रात खेकडे पकडून तिथेच डबाबंद करणाऱ्या जहाजावरचे कामगार कसे राबवले जातात, त्याची ती कहाणी. नोकरी गेली. शांतता संरक्षण कायद्याखाली पोलीस मागे लागले.

२० फेब्रुवारी १९३३ रोजी त्याला टोकियोत पकडलं आणि त्याच दिवशी कोठडीत तो गेला. वय २९. पोलिसांनी सांगितलं, हृदयविकार. घरी आणलेल्या मृतदेहावरच्या जखमा आईने आणि मित्रांनी पाहिल्या. शवविच्छेदन करायला इस्पितळं तयार होईनात.

चारच दिवसांनी राष्ट्रसंघात जपानच्या मांचुरियातल्या कारवाईविरुद्ध ठराव झाला. जपानचे प्रतिनिधी सभागृहातून उठून गेले. मायदेशी परतल्यावर त्यांचं स्वागत वीरासारखं झालं.

आणि पुढच्या वर्षी, एप्रिल १९३४ मध्ये, हाचिकोचा पुतळा बसला. दुसरीतल्या मुलांच्या नीतिशिक्षणाच्या पुस्तकात त्याचा धडा आला. धड्याचं शीर्षक होतं, ‘उपकार विसरू नका’. त्या पुस्तकांत उपकारांची साखळी आईवडिलांपासून सुरू होऊन सम्राटापाशी संपत असे.

यात हाचिकोचा काही दोष नाही. त्याला मालक हवा होता, बस्स. त्याच्यावर माया करणाऱ्या लोकांचाही नाही. पण एकाच मातीतल्या या दोघांकडे पाहा. निमूटपणे वाट पाहणाऱ्याचा धडा झाला. ‘हे असं का?’ असं विचारणाऱ्याचा मृतदेह घरी आला. मुलांपुढे कोणता आदर्श ठेवायचा, हे देशाने ठरवून टाकलं होतं.

पुस्तकावरून देशद्रोही

हाचिकोचे शेवटचे आठवडे चालू होते, तेव्हा संसदेत एका प्राध्यापकाची शिकार चालली होती. मिनोबे तात्सुकिची हे राज्यघटनेचे नामांकित अभ्यासक. त्यांचं म्हणणं असं, की राज्य ही एक व्यवस्था आहे आणि सम्राट हा तिचा सर्वोच्च अवयव आहे. हे काही नवं नव्हतं. जवळजवळ तीस वर्षं विद्यापीठांत हेच शिकवत होते. त्यांची पुस्तकं वाचून हजारो सरकारी अधिकारी परीक्षा पास झाले होते.

फेब्रुवारी १९३५ मध्ये वरिष्ठ सभागृहात एका निवृत्त जनरलने त्यांना देशद्रोही म्हटलं. सम्राटाला ‘अवयव’ म्हणतो म्हणजे काय! मिनोबेंनी सभागृहात उभं राहून शांतपणे आपलं म्हणणं समजावून सांगितलं. काही सदस्यांनी टाळ्याही वाजवल्या. पण बाहेर वादळ उठलं. एप्रिलमध्ये त्यांच्या पुस्तकांवर बंदी आली. सप्टेंबरमध्ये त्यांनी सभागृहाचा राजीनामा दिला. पुढच्या वर्षी त्यांच्यावर गोळी झाडली गेली, नशिबाने वाचले.

त्यांचे विद्यार्थी मोठमोठ्या हुद्द्यांवर होते. काल ज्या पुस्तकावर ते पास झाले, त्याच्या बाजूने किती जण बोलले? फारच थोडे. प्रत्येकाला घर होतं, मुलं होती, पेन्शन होती. तुमच्या-माझ्यासारखीच माणसं.

कडी लागली

२६ फेब्रुवारी १९३६. टोकियोत बर्फ पडत होता. तरुण अधिकाऱ्यांनी चौदाशेहून अधिक सैनिक घेऊन राजधानीचा मध्यभाग ताब्यात घेतला. अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियो यांना त्यांच्या बिछान्यात मारलं. हे ८१ वर्षांचे गृहस्थ मंदीतून देशाला बाहेर काढणारे म्हणून लोकप्रिय होते. त्यांचा गुन्हा एवढाच, की सैन्याचा वाढता खर्च आवरा म्हणून ते अडून बसले होते. आणखी काही ज्येष्ठ नेते आणि सेनापती मारले गेले.

या वेळी सम्राट स्वतः संतापले. बंड मोडलं, म्होरक्यांना मृत्युदंड झाला. वाटलं असेल, सुटलो! पण फायदा सैन्याच्याच वरिष्ठांचा झाला. ‘तरुणांना आवरायचं तर आमचं ऐका,’ असं म्हणून त्यांनी जुना नियम परत आणला: लष्करमंत्री आणि नौदलमंत्री सेवेत असलेले अधिकारीच हवेत. १९१३ मध्ये हा नियम थोडा सैल केला होता. १९३७ च्या सुरुवातीला सैन्याला नको असलेले उगाकी काझुशिगे पंतप्रधान होणार होते. सैन्याने मंत्रीच दिला नाही. मंत्रिमंडळ बनलंच नाही. उगाकी स्वतः जनरल होते बरं का! १९२५ मध्ये चार डिव्हिजन कमी करणारे ते हेच.

जुलै १९३७ मध्ये चीनशी उघड युद्ध पेटलं. डिसेंबरमध्ये नानजिंग शहरात जपानी सैन्याने जे अत्याचार केले, ते आजही जगाला विसरता आलेले नाहीत. याच युद्धात भारताने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं. त्यात आपल्या सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. तिथेच सेवा करत १९४२ मध्ये ते वारले, वय अवघं ३२. व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ आजी-आजोबांनी नक्की पाहिला असेल. आणि १९३८ मध्येच जपानी कवी योने नोगुची यांनी रवींद्रनाथ टागोरांना पत्र लिहून या युद्धाचं समर्थन केलं. टागोरांचं जपानवर प्रेम होतं. तरी त्यांनी मित्राला स्पष्ट शब्दांत नाही म्हटलं. कवीसुद्धा युद्धाची वकिली करू लागला होता, इतकं ते वारं अंगात भिनलं होतं.

युद्ध स्वयंपाकघरात

हे सगळं झालं नेत्यांचं. साध्या घरांत काय चाललं होतं? १९३२ मध्ये ओसाकात काही बायका सैनिकांना चहा देऊ लागल्या. अंगावर स्वयंपाकघरातला पांढरा एप्रन. त्यातून ‘राष्ट्रीय संरक्षण महिला संघ’ उभा राहिला आणि लाखो बायका त्यात आल्या. अनेकींना त्यात खरा आनंद मिळाला. सासूच्या नजरेआडून बाहेर पडायला, चार जणींत मिसळायला, ‘मी देशासाठी काही करते’ असं म्हणायला पहिल्यांदा संधी मिळाली. आणि त्याच बायका पुढे आपल्या मुलांना हसतमुखाने स्टेशनवर निरोप देऊ लागल्या. रडायची सोय उरली नाही.

१९४० पासून दहा-बारा घरांचे शेजारगट सक्तीचे झाले. रेशन त्या गटातूनच मिळे, सरकारी सूचनांची पाटी घरोघरी तिथूनच फिरे. कोण रोखे घेत नाही, कुणाच्या अंगावर भारी कपडे आहेत, हे शेजारीच पाहत. पोलिसांची गरज कमी झाली.

त्याच वर्षी, २ फेब्रुवारीला, साइतो ताकाओ नावाच्या एका खासदाराने संसदेत उभं राहून विचारलं, की या ‘पवित्र युद्धा’चा हेतू नेमका काय आहे आणि ते संपणार कधी? अडीच वर्षं माणसं मरताहेत, लोकांना सांगा तरी! त्यांचं बरंचसं भाषण नोंदीतून पुसून टाकलं. त्यांना संसदेतून काढायचा ठराव आला. बाजूने मतं पडली २९६. विरोधात फक्त ७. आणि १४४ जणांनी मतच दिलं नाही.

हा १४४ चा आकडा मला सगळ्यात जास्त बोचतो. त्या माणसांना चूक काय ते कळत होतं, म्हणून तर त्यांनी ‘हो’ म्हटलं नाही. पण ‘नाही’ही म्हणवलं नाही. काही महिन्यांत सगळ्या पक्षांनी आपणहून कुलूप लावलं. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये पर्ल हार्बर झालं.

पुतळा गेला, पुतळा आला

१९४४ मध्ये शिबुयाच्या चौथऱ्यावरून हाचिको उतरला. तोवर देवळांच्या घंटा आणि घरातली भांडीसुद्धा सरकारजमा होत होती. मे १९४५ मध्ये टोकियोवरच्या बाँबहल्ल्यात पुतळ्याचे शिल्पकार आंदो तेरू मारले गेले. ऑगस्टमध्ये हिरोशिमा, नागासाकी आणि मग शरणागती. या युद्धात सुमारे ३१ लाख जपानी माणसं गेली. चीनमध्ये आणि आशियातल्या इतर देशांत त्याच्या कितीतरी पट.

१९४६ मध्ये जपानी बायकांनी संसदेच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं आणि ३९ जणी निवडून आल्या. १९४७ च्या नव्या घटनेने युद्धाचा मार्ग सोडून दिला आणि मंत्री बिनलष्करीच असावेत असं ठरवलं. ती जुनी कडी काढून टाकली. ऑगस्ट १९४८ मध्ये हाचिकोचा नवा पुतळा उभा राहिला. घडवला आंदो तेरू यांच्याच मुलाने, ताकेशीने. आणि २००८ मध्ये, मंदीच्या दिवसांत, कोबायाशी ताकिजीची ती कादंबरी तरुणांनी पुन्हा उचलून धरली. लाखो प्रती खपल्या.

मला विचाराल तर या गोष्टीत अमुक दिवशी लोकशाही संपली, असा दिवस सापडत नाही. एक कायदा, एक माफ केलेला खून, एक बंदी घातलेलं पुस्तक, एक न दिलेलं मत. प्रत्येक वेळी ‘एवढ्याने काय होतंय’ असं वाटण्याजोगंच होतं. आणि प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणू शकणारा आणखी एक माणूस कमी झाला.

एक शेवटची गोष्ट राहिली. ते साइतो ताकाओ आठवतात ना, संसदेतून काढलेले? १९४२ मध्ये, ऐन युद्धात, ते सरकारच्या पाठिंब्याशिवाय पुन्हा निवडणुकीला उभे राहिले. ह्योगो प्रांतातल्या त्यांच्या मतदारांनी त्यांना सर्वाधिक मतं देऊन परत पाठवलं. मतपेटीशी एकटा असताना त्या गावाकडच्या माणसाने आपलं मन सांगितलं होतं.

आज रात्री मुलांना किंवा नातवंडांना हाचिकोची गोष्ट सांगाल, तेव्हा पहिल्या पुतळ्याचं काय झालं तेही सांगा. आणि ती काय प्रश्न विचारतात, ते मला नक्की कळवा.

भेटूया पुढच्या भागात!